डोक्यावरचं ओझं

(शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या महिला मंडळांच्या एकत्रित शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना जे विस्कळीत होतं, ते लिहिताना थोडं नीट लावून घेतलं आहे.)

मैत्रिणींनो,

कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'केसांचे विकार आणि आयुर्वेद' असा विषय छापलेला पाहून आपल्यातल्याच एका कार्यकर्तीने मला काल विचारलं, "अहो, सकाळी पोटगीचा कायदा, दुपारी सातबाऱ्यावर बाईचं नाव, आणि मध्येच हे केसांचं काय? आपण पार्लर काढतोय का?"

प्रश्न बरोबर आहे. पण विषय मी निवडलेला नाही, तुम्ही निवडला आहे. मागच्या बैठकीत तब्येतीच्या तक्रारी चिठ्ठीवर लिहून द्यायला सांगितल्या होत्या. चिठ्ठीवर नाव नव्हतं, त्यामुळे बायकांनी मोकळेपणाने लिहिलं. कंबरदुखी आणि अंगावरून जाणं या तक्रारी होत्याच. पण त्यांच्या बरोबरीने होते केस. केस गळतात, कोंडा होतो, मुलीच्या डोक्यात उवा काही जात नाहीत, लग्नाच्या मुलीला चाई पडली आहे. आणि एका चिठ्ठीवर फक्त दोनच शब्द होते, "जट आली."

त्या दोन शब्दांपर्यंत मला आज यायचं आहे. पण आधी तुमच्या बाकीच्या चिठ्ठ्यांना उत्तरं देते, कारण तीही तितकीच खरी आहेत.

भीमेच्या एका अंगाला शिरूर आणि दुसऱ्या अंगाला दौंड, या दोन्ही तालुक्यांत मिळून मी बावीस वर्षं वैद्यकी करते आहे. या काळात मला एक गोष्ट कळली. बाई पोटातलं दुखणं वर्षभर अंगावर काढते, पण केस गळायला लागले की महिन्याभरात येते. याला कोणी नटवेपणा म्हणेल, मी म्हणत नाही. बाईच्या केसांवर सगळ्या गावाचा डोळा असतो. तिचं वय, तिचं सौभाग्य, तिची चालचलणूक, सगळं लोक केसांवरून वाचतात. मोकळे सोडले तरी बोलणी, कापले तरी बोलणी.

इथून जवळच, दौंड तालुक्यात केडगाव आहे. पंडिता रमाबाईंनी तिथे मुक्ती सदन उभारलं आणि १९२२ साली तिथेच त्यांचा शेवट झाला. १८८७ साली त्यांनी 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक लिहिलं, त्यात विधवेच्या केशवपनाची हकिगत आहे. विधवेच्या डोक्यावर केस राहिले तर मेलेल्या नवऱ्याला परलोकात बंधन होतं, असं तेव्हा सांगत. म्हणजे केस तिचे, डोकं तिचं, आणि निकाल द्यायचा दुसऱ्याने. १८९० साली मुंबईत नाभिकांनी सभा घेऊन विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असं ठरवलं. त्यामागे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांची खटपट होती. हे मुद्दाम सांगते, कारण केसांचा प्रश्न बायकांच्या चळवळीत आज नव्याने शिरलेला नाही.

आता शास्त्राकडे येऊ.

आयुर्वेदात केसांना अस्थिधातूचा मल म्हटलं आहे. मल हा शब्द ऐकून नाक मुरडू नका. जेवणाचा आधी रस होतो, रसाचं रक्त, मग मांस, मग मेद आणि मग अस्थी. प्रत्येक धातू तयार होताना जे बाजूला निघतं तो मल, आणि हाडं घडताना बाजूला निघतात ते केस आणि नखं. हे अक्षरशः खरं धरावं असं मी म्हणत नाही. आजचं शरीरशास्त्र केसांची गोष्ट वेगळी सांगतं. पण त्यातली क्रमाची कल्पना मला आपल्या भागात समजावायला फार उपयोगी पडते. शास्त्रकारांनीच तिला शेतातल्या पाटाची उपमा दिली आहे. पाणी पहिल्या वाफ्यात आधी जातं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. दौंडच्या बायकांना कालव्याच्या टेलचं पाणी काय असतं ते सांगायला नको. वरच्यांचं भागलं तरच टेलला पोचतं. केस हे टेलचं रान आहे. जेवण कमी पडलं की शरीर आधी काळीज सांभाळतं, केसांचं पाणी तोडतं.

म्हणून केस गळतात असं सांगत बाई आली, की मी तेलाची बाटली काढायच्या आधी तीन प्रश्न विचारते. तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं? पाळीत किती जातं? आणि घरात शेवटी कोण जेवतं?

तीन महिन्यांचा हिशोब असा. मोठा ताप, टायफॉइड, डेंग्यू, ऑपरेशन, बाळंतपण, मोठा धक्का, यातलं काही झालं की केसांची मुळं विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी ते केस एकदम गळायला लागतात. बाळंतिणीचे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हातात येतात, आणि सासू म्हणते, बाळ हसायला लागलं म्हणून आईचे केस गेले. बाळाचा काही दोष नाही. सहा महिन्यांत, फार तर वर्षभरात ते बहुधा परत येतात. अशा वेळी महागडं तेल घेतलं की श्रेय तेलाला जातं. तेल नसतं लावलं तरी ते आलेच असते. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं तर साधी गोष्ट आहे, त्यासाठी घाबरायचं कारण नाही.

दुसरा प्रश्न रक्ताचा. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे या मांडवात बसलेल्या दोघींपैकी एक. तिच्या डोक्याला माक्याचं तेल चोळून काय होणार? प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या तिथे फुकट मिळतात. गोळीवर किंवा जेवणावर लगेच चहा पिऊ नका, लिंबू पिळून खा. शेंगदाणे, गूळ, हरभरा, मटकी, शेवग्याचा पाला हे सगळं आपल्या रानात आणि दुकानात आहे. आणि वाढताना स्वतःचं ताट आधी बाजूला काढून ठेवा. आपल्या चळवळीतली ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे, मला माहीत आहे. मोर्चाला येणं त्यापेक्षा सोपं.

पाळी अनियमित, वजन वाढतंय, आवाज बसतोय, थकवा जात नाही, असं असेल तर थायरॉइडची तपासणी करा. ऊसतोडीच्या मोळ्या, पाण्याच्या घागरी, सरपण डोक्यावरून वाहणाऱ्या बाईच्या टाळूवरचे केस घासून आणि ताणून विरळ होतात. त्याला औषध चुंबळ जाड आणि मऊ करणं, आणि खरं औषध गावात नळ येणं.

आता तेल. तेलाला मी नावं ठेवत नाही. चरकाने डोक्याला रोज तेल लावायला सांगितलं आहे. त्याने डोकं शांत राहतं, झोप येते, केस तुटत नाहीत. पण टक्कल पडलेल्या जागी तेलाने रान उगवतं असं कोणी सांगितलं तर त्याला पैसे देऊ नका. आपल्या देशाच्या औषध नियमांतही टक्कल बरं करण्याचा दावा करायला मनाई आहे. तरीसुद्धा आठवडी बाजारात लांब केसांच्या बाईचं चित्र लावून बाटल्या विकतात.

घरी तेल करायचं तर प्रमाण सोपं आहे. खोबरेल किंवा तिळाचं तेल एक लिटर, माक्याचा ताजा रस चार लिटर, आवळ्याचा वाटलेला गोळा पाव किलो. माका आपल्याकडे पाटाच्या कडेला, उसाच्या सरीत तण म्हणून उगवतो, पण तणनाशक मारलेल्या रानातला घेऊ नका. सगळं जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर आटवायचं. तळाचा गाळ बोटांत वळून त्याची वात झाली, आणि ती वात विस्तवावर धरली असता तडतडली नाही, की पाणी गेलं समजायचं. तेलावर फेस यायला लागतो, तीही खूण आहे. गटाने मिळून केलं तर बाजारातल्या बाटलीपेक्षा कितीतरी स्वस्तात पडतं.

धुण्याबद्दल एक गोष्ट. आपल्याकडे बोअरचं पाणी जड आहे. त्यात साबण लावला की फेस येत नाही आणि केसांवर चिकट थर बसतो. कपड्याच्या साबणाने तर केसांचा झाडू होतो. शिकेकाई आणि रिठ्याचा असा थर बसत नाही. आपल्या आज्या शिकेकाई वापरत त्यात शहाणपण होतं. शिकेकाई नसेल तर साधा शांपू चालेल. त्यात कमीपणा नाही.

आता एकेक तक्रार.

कोंड्याला सुश्रुताने दारुणक म्हटलं आहे. डोकं खाजतं, रुक्ष होतं, पापुद्रे निघतात. खसखस दुधात वाटून लेप लावायला जुन्या ग्रंथांत सांगितलं आहे. त्याने खाज कमी होते. पण कोंडा असताना रात्रभर तेल थापून ठेवू नका. कोंडा वाढवणारी बुरशी तेलावरच जगते. न्हाण्याआधी तासभर लावा आणि धुऊन टाका. महिन्याभरात उतार नाही पडला, तर दवाखान्यात जाऊन बुरशीनाशक शांपू लिहून घ्या. मी वैद्य असून तो लिहून देते, मला त्यात काही अपमान वाटत नाही.

उवा. उवा झालेल्या मुलीला वर्गात वेगळं बसवतात, तिची आई घाणेरडी ठरते. उवा डोक्याला डोकं लागून येतात, जातपात आणि घर बघत नाहीत. ओल्या केसांतून बारीक दातांची फणी दर तीन-चार दिवसांनी, अशी तीन आठवडे फिरवा. लिखेतून ऊ निघायला आठवडाभर किंवा थोडं जास्त लागतं, म्हणून एकदा फणी फिरवून भागत नाही. घरातल्या सगळ्यांचं एकाच दिवशी करा. करंजाचं किंवा कडुलिंबाचं तेल लावून फणी चांगली चालते. शेजारच्या पुरंदरची सीताफळं आपण खातो आणि बिया वाटून पोरींच्या डोक्याला लावतो. हे थांबवा. ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते. रॉकेल आणि पिकावरचं औषध तर कधीच नाही. त्याने जीव गेलेले आहेत.

लहान मुलाच्या डोक्यावर गोल चट्टा, आत तुटके केस, वर खपली असेल, तर ते गजकर्ण असतं. त्याला वरून कितीही तेल लावा, काही होणार नाही. पोटातून बुरशीचं औषध कित्येक आठवडे घ्यावं लागतं. खवडे पिकून पू झाला, मानेला गाठी आल्या, तरी दवाखानाच.

चाईला ग्रंथांत इंद्रलुप्त असं नाव आहे. गुळगुळीत रुपयाएवढी जागा उघडी पडते. आपल्याच शरीराची संरक्षणयंत्रणा केसांच्या मुळांवर उलटते म्हणून हे होतं. चाई लागट नाही. पुष्कळांची वर्षभरात आपोआप भरते. जुन्या ग्रंथांत ती जागा खरवडून गुंजेचा लेप सांगितला आहे, गावात बिब्बा लावतात. हे घरात करू नका. गुंज विषारी आहे, बिब्ब्याने कातडी जळते, आणि जळलेल्या जागी मग कधीच केस येत नाहीत. माझ्याकडे एक मुलगी अशी आली होती. चाई बरी झाली असती, बिब्ब्याचा डाग राहिला. तिचं लग्न मोडलं ते त्या डागावरून.

केस पिकले म्हणून काळी मेंदी लावतात. मेंदी कधी काळी नसते. तिच्यात रसायन असतं आणि काहींना त्याने चेहरा सुजून डोळे मिटेपर्यंत त्रास होतो. लावायचीच तर कानामागे थोडी लावून दोन दिवस बघा.

शेवटी एक. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यात २०२४ सालच्या डिसेंबरात आणि २०२५ च्या जानेवारीत गावंच्या गावं केस गळून टकली व्हायला लागली. काही दिवसांत हातात पुंजके येत. आधी पाण्यावर संशय घेतला गेला, शांपूवर घेतला गेला. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. लोकांच्या रक्तातही ते जास्त सापडलं. यातून मी एवढंच घेते, की एकाच वस्तीत बऱ्याच जणींचे केस एकदम गळायला लागले, तर प्रत्येकीने वेगळं तेल शोधत बसू नये. एकत्र जाऊन आरोग्य खात्याचं दार ठोठवावं.

आता त्या चिठ्ठीकडे येते.

मी नवी नवी वैद्यकी सुरू केली होती, तेव्हा पन्नाशीची एक बाई मान दुखते म्हणून आली. पदर सरकला तेव्हा दिसलं, पाठीवर कमरेपर्यंत जट. तिला हळद-कुंकू लावलेलं. मी मानेला तेल दिलं, शेक सांगितला, आणि जटेबद्दल एक शब्द काढला नाही. तिच्या श्रद्धेला हात लावू नये, असं मी मनाशी म्हटलं. खरं सांगू? मला भीती वाटली होती. शिकलेली होते, तरी बोटं मागे आली. ती वर्षभर तेल नेत राहिली. मग यायची बंद झाली. तिच्या मानेवरचं ओझं मला दिसत होतं आणि मी तिला तेल विकत होते. ते पैसे मला अजून टोचतात.

जट कशी होते? केस विंचरले नाहीत की होते. ताप, बाळंतपण, मनाचं दुखणं, यात बाई महिना महिना पडून राहते. तिचं डोकं विंचरायला घरात कोणाला सवड नसते. मळ, घाम, तेल यांनी बट चिकटते. गुंता सोडवताना दुखतं म्हणून राहतो. मग कोणीतरी म्हणतं, देवी आली, हात लावू नको, कापलीस तर घरात कोणी मरेल. त्या दिवसापासून गुंत्याची जट होते. वर भंडारा, कुंकू, तेल. धुवायचं नाही. आत उवा होतात, कातडी सडते, मान आखडते. मुलीला जट आली तर ती यल्लम्माची झाली, तिला सोडा, असा सांगावा येतो. इकडे सौंदत्ती, तिकडे जेजुरीला खंडोबाची मुरळी. देवाचं नाव वेगळं, पोरीचं नशीब तेच.

मी नंतर पोथ्या उघडल्या. चरकाने प्रमेह, म्हणजे मधुमेहाकडे जाणारं दुखणं, व्हायच्या आधी जी लक्षणं दिसतात ती दिली आहेत. त्यात केसांच्या जटा होणं हे एक आहे. बघा, दोन हजार वर्षांपूर्वीचा वैद्य जट पाहून देवरुषाकडे जा म्हणत नाही, लघवीकडे बघ म्हणतो. आणि तोच चरक रोजच्या आचारात केस आणि नखं कापायला सांगतो, त्याने आयुष्य वाढतं, स्वच्छता राहते, रूप खुलतं म्हणतो. परंपरेच्या नावाने कोणी तुमच्याशी भांडायला आलं, तर हीही परंपराच आहे असं सांगा.

आणि जट फक्त आपल्याकडे नाही. पोलंडमध्ये एकोणिसाव्या शतकापर्यंत घराघरांत जटा होत्या. कापली तर माणूस आंधळा होतो, वेडा होतो, असं तिथेही म्हणत. क्राको शहरातल्या युझेफ डिएट्ल नावाच्या डॉक्टरांनी त्याविरुद्ध मोहीम काढली आणि हा न विंचरल्याचा गुंता आहे असं दाखवून दिलं. तिथे यल्लम्मा नव्हती. मग तिथल्या बायकांच्या डोक्यात कोण आली होती?

आपल्या जिल्ह्यात महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव यांनी दोनशेहून अधिक बायकांच्या जटा काढल्या आहेत. त्या पूर्वी ब्युटी पार्लर चालवत. काल ज्या मैत्रिणीने पार्लरचा प्रश्न विचारला, तिला माझं हे उत्तर.

तीन वर्षांपूर्वी मला दुसरी संधी मिळाली. चाळिशीची बाई, टायफॉइडनंतर जट आलेली, अकरा वर्षं झालेली. ती स्वतःसाठी आली नव्हती. तिची मुलगी आठवीत होती आणि मुलीच्या कानामागे एक बट चिकटायला लागली होती. घरात पौर्णिमेला सौंदत्तीला न्यायची बोलणी चालू होती. बाई माझ्यापुढे बसली आणि म्हणाली, "डॉक्टरीणबाई, माझ्या डोक्याला हात नका लावू. पण पोरीचं काय तरी करा."

मी आणि गटातल्या दोघी तिच्या घरी चार वेळा गेलो. पहिल्या वेळी सासूने पाणीसुद्धा विचारलं नाही. दुसऱ्या वेळी मी जटेचा विषयच काढला नाही, सगळ्यांचं रक्त तपासलं. बाईची साखर ठीक निघाली, हिमोग्लोबिन सात निघालं. तिसऱ्या वेळी सासूच म्हणाली, "हिची मान रातभर दुखती, मीच चोळते." चौथ्या वेळी नवरा दारात उभा राहून म्हणाला, "काय झालं तर तुम्ही जबाबदार." मी म्हटलं, होय, लिहून देते. आणि दिलं.

मुलीची बट मी कापणार होते. आई मध्ये आली. म्हणाली, "आधी माझी काढा. मला काय झालं नाही तर मग तिची."

तिची जट काढायला दीड तास लागला. मुळाशी थोडी थोडी करत कात्री चालवावी लागते, ओढायची नाही. आत उवा होत्या, दोन ठिकाणी कातडी सोलून ओली झाली होती. कडुलिंबाच्या पाण्याने डोकं धुतलं. वाणसामानाच्या काट्यावर जट ठेवली, पाऊण किलो भरली. ती उठली आणि तिचा तोल गेला. अकरा वर्षं मान एका बाजूला ओझं तोलत होती, ती सवय एका दिवसात जात नाही. मुलीची बट मात्र कापावी लागली नाही. तेलात भिजवून, दाभणाने एकेक केस मोकळा करत तिने आणि आईने मिळून ती संध्याकाळपर्यंत सोडवली.

पुढचं सगळं गोड झालं असं नाही. पंधरा दिवसांत त्यांची म्हैस आटली आणि वस्तीने बोट दाखवलं. नवरा महिनाभर बोलत नव्हता. आमच्यातल्या एकीने जनावरांच्या डॉक्टरला नेऊन म्हैस दाखवली. म्हशीला जंत होते. त्या महिन्यात आम्ही गेलो नसतो, तर बाई एकटी पडली असती आणि जट परत वाढली असती. जट काढायला दीड तास पुरतो. नंतरचा महिना बाईच्या शेजारी बसावं लागतं, खरं काम ते आहे.

कायद्याचंही लक्षात ठेवा. मुंबई इलाख्यात १९३४ सालीच देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. महाराष्ट्राने २००५ चा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा केला. त्याने मुलगी वाहणं गुन्हा आहे, आणि वाहिलेल्या मुलीचं लग्न वैध आहे. वाळीत टाकलं तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. पण कायदा शेवटी काढायचा. आधी तेलाची वाटी आणि फणी घेऊन जायचं.

गटागटांत परत गेल्यावर तीन कामं करा. एक, महिन्यातून एकदा सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासून वहीत लिहा. दोन, गावात कोणी आजारी किंवा बाळंतीण पडून असेल, तर आठवड्यातून एकदा जाऊन तिचं डोकं विंचरा. एवढं केलं तरी पुढच्या कित्येक जटा होणारच नाहीत. तीन, जट असलेल्या बाईच्या घरी जा, पण कात्री घेऊन जाऊ नका. कात्री तिने मागितली तर न्यायची. विधवेच्या डोक्यावर तिला न विचारता वस्तरा चालवणारे आणि तिला न विचारता कात्री चालवणारे, यांत फार फरक राहू नये असं मला वाटत नाही. फरक राहिलाच पाहिजे.

आणि जिने ती दोन शब्दांची चिठ्ठी लिहिली, ती इथे बसली असेल. तिला सगळ्यांदेखत हात वर करायला सांगत नाही. मी संध्याकाळी मागच्या ओसरीवर बसलेली आहे. डोक्याला हात लावणार नाही. नुसती बोलायला ये.